खुंटीवरच्या लोंब्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही जमत नाही, त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. खरं तर वाचणारा कोणी असेल असं वाटत नाही. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी मी पेपरात वाचते. त्यांत खून असतात, दरोडे असतात. माझा नवरा पोलिसात होता. तो गेल्यावर मला शिपाई म्हणून घेतलं आणि हवालदार होऊन मी घरी आले. चारचौघांत बोलायची मला आजही लाज वाटते, म्हणून ही गोष्ट कधी कोणाला सांगितली नाही. पण इतकी वर्षं झाली तरी संग्रहालयातल्या धानाची ती चोरी डोळ्यांपुढून हलत नाही. नावं कोणाचीच लिहीत नाही.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी चंद्रपूरच्या एका ठाण्यात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातल्या संग्रहालयात शेतीचं प्रदर्शन भरलं होतं. नांगर, वखर, मासे धरायचे बांबूचे सापळे, मोहफुलं वेचायच्या टोपल्या असं बरंच काही होतं. पण लोक यायचे ते घर बघायला. दालनाच्या मधोमध धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं अख्खं घर उभं केलं होतं. शेणाने सारवलेली ओसरी, धानाची कणगी, चूल, आणि जात्यावर बसलेली मातीची बाई. तिला खरं लुगडं नेसवलं होतं. घराभोवती दोरी लावली होती आणि दोरीच्या आत जायला मनाई होती.

ओसरीच्या खुंटीला धानाच्या लोंब्यांची एक जुडी टांगलेली होती. लांब काळ्या कुसळांचं ते जुनं धान. सिंदेवाहीकडच्या शेतकी साहेबांनी कुरखेड्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या दारावरून ती आणली होती. तो म्हातारा आता ते पेरत नव्हता आणि दुसरं कोणी पेरतं का, ते साहेबांनाही सापडलं नव्हतं. प्रदर्शन संपायला आलं आणि एका संध्याकाळी जुडी जागेवर नाही.

संग्रहालयाचे साहेब स्वतः अर्ज घेऊन ठाण्यात आले. आमचे ठाणेदार जेवायला उठत होते. त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "साहेब, इथं रोज बैलजोड्या चोरीला जातात. तुम्ही लोंब्या घेऊन आलात?"

साहेब शांत माणूस होते. ते म्हणाले, बैलजोडी दुसरी मिळेल, हे धान मिळणार नाही. त्यांचा संशय चौकीदारावर होता. किल्ली त्याच्याकडे, घरी पोंभुर्ण्याकडे धानाची शेती. शिवाय त्या दुपारी काय झालं हे तो सांगत नव्हता. तो तीन वर्षांपासून हंगामी होता आणि त्याला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर तयार होता. तो कागद आता थांबला होता.

आम्ही जाऊन पंचनामा केला. ठाणेदार सांगत होते, रायटर लिहीत होता. खुंटी शाबूत, दोरी शाबूत, कणगी शाबूत. खुंटीला एका लुगड्याच्या काठाची चिंधी गाठ मारून बांधलेली होती. रायटरने विचारलं, हे लिहू का? ठाणेदार म्हणाले, लिही, "एक जुनी चिंधी". मीही ती पाहिली आणि सोडून दिली. मी कापसाच्या मुलखातली, वर्ध्याकडची. मला त्यात काही दिसलं नाही.

चौकीदाराला ठाण्यात आणलं. ठाणेदारांनी त्याला दरडावलं, समजावलं, परत दरडावलं. तो खाली मान घालून उभा. शेवटी ते म्हणाले, याला बसवून ठेवा, आणि बंदोबस्ताला निघून गेले. बसवून ठेवायला मी होते. आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मला काय विचारावं ते सुचेना, त्यालाही बोलायचं नव्हतं. मी चहा मागवला. त्याने बशीत ओतून प्यायला. परत आम्ही गप्प. नोकरीत मी पुढे एक पाहिलं, की माणूस प्रश्नांना जितका कंटाळत नाही तितका शांततेला कंटाळतो. पण त्या दिवशी ती काही माझी युक्ती नव्हती, मला खरंच बोलता येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तोच म्हणाला, "बाई, सांगितलं तरी नोकरी जाते न नाई सांगितलं तरी जाते. मंग मानूस का सांगन?"

मी म्हटलं, "मग सांगूनच टाका भाऊ. चहा तरी पचेल."

तो थोडा हसला आणि मग त्याने सांगितलं. त्या दुपारी लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या खेड्यातल्या काही बायका उन्हातून सावलीला आत आल्या होत्या. त्यांच्यातली एक आजी चक्कर येऊन खाली बसली. त्याने दोरी खाली केली, आजीला त्या घराच्या ओसरीवर निजवलं आणि माठातलं थंड पाणी आणायला मागे गेला. येईपर्यंत आजी उठून बसली होती. पाणी प्यायली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्या बससाठी निघून गेल्या. दोरीच्या आत माणूस बसवला, हे कळलं तर साहेब ठेवणार नाहीत, म्हणून तो बोलत नव्हता. आणि आजीचं नाव पुढे येईल म्हणूनही. "ते माझ्या मायसारखी होती," असं तो म्हणाला.

मी हे ठाणेदारांना सांगितलं. त्यांनी कपड्याच्या दुकानांत विचारायला पाठवलं. तिसऱ्या दुकानाच्या मालकाला त्या बायका चांगल्याच आठवत होत्या. एका नवरीच्या शालूसाठी त्यांनी त्याला दुपारभर दमवलं होतं. गाव सिंदेवाहीच्या बाजूचं निघालं. पण मध्ये आणखी एक मोठा बंदोबस्त आला, मग दोन सभा आल्या. लोंब्यांसाठी कोण माणसं देणार? आम्हाला तिकडे जायला मिळालं तेव्हा पेरणी होऊन गेली होती.

मी आणि एक जुने हवालदार एसटीने गेलो. आजी घरी नव्हती, बांधीवर होती. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. तिथे चिखलात बायका काम करत होत्या. आम्ही संग्रहालयाचं नाव काढताच आजीने कंबर सरळ केली आणि आनंदाने म्हणाली, "आले का? बरं झालं. मी तुमचीच वाट पाहून राह्यली."

हवालदारांनी विचारलं, लोंब्या तुम्ही घेतल्या?

"मी नाई तं कोन घेनार? माह्या माहेरी हेच धान होतं. पेज शिजवली का शेजारी वाडगं घेऊन याचे. लगन होऊन आली तवापासून पाह्यलं नव्हतं मी."

"मग न विचारता कसं घेतलं?"

आजीला हा प्रश्न आवडला नाही. ती म्हणाली, "इचारलं ना. घरात हाक मारली, कोनी ओ देली नाई. जात्यावरच्या बाईले सांगितलं. तिनं मान नाई हालवली, पन नाई बी नाई म्हनलं."

बाकीच्या बायका हसू लागल्या. मग आजीनेच आम्हाला समजावलं. त्यांच्याकडे घरातलं बी विकत मागत नाहीत. घरधनी नसला तर आपल्या लुगड्याची चिंधी त्याच्या खुंटीला बांधायची आणि बी न्यायचं. घरधन्याने चिंधी पाहिली की समजायचं, नेणारा पीक आल्यावर दिढीने परत करील, म्हणजे एकाचं दीड. चिंधी बांधली की ते देणं झालं, आणि देणं बुडवणाऱ्याला मग गावात कोणी बी देत नाही. मी पंचनाम्यातली "एक जुनी चिंधी" आठवली आणि तोंडावर पदर घेतला. हसू येत होतं.

हवालदार म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण मुद्देमाल कुठे आहे?

आजीने बोट दाखवलं. बांधीच्या कोपऱ्यात वेगळं राखलेलं वाफाभर हिरवंगार रोप उभं होतं. सगळ्या लोंब्या तिने पेरल्या होत्या.

कायद्याने मुद्देमाल जप्त करावा लागतो. हवालदार कागद काढून बांधावर उभे राहिले. लिहावं काय ते त्यांना समजेना. एक बाई चिखलातूनच म्हणाली, "आता धानाले बेड्या घालता का जी?" हवालदारांनी कागद खिशात घातला.

आजीला मात्र जेव्हा कळलं की तिच्यामुळे पाणी देणारा तो चौकीदार अडकला आहे, तेव्हा ती बांधावर खालीच बसली. "पानी पाजनाऱ्याच्या पोटावर पाय आला व माह्याकडून," एवढंच म्हणाली. आम्ही निघालो तरी ती उठली नाही.

ठाणेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि संग्रहालयाच्या साहेबांना बोलावलं. गुन्हा दाखल करायचा तर एका म्हातारीला चोर म्हणावं लागेल, आणि रोप उपटून आणलं तर कोणाच्याच हाती काही राहणार नाही. साहेबांनी पुष्कळ विचार केला. अर्ज कापणीपर्यंत चौकशीवर ठेवू म्हणाले. पण चौकीदाराचा कागद ते वर पाठवू शकत नव्हते. नोंदवहीतली वस्तू हरवलेली असताना, तेव्हा कामावर असलेल्या माणसाला कायम कसं करणार? वस्तू परत आली तर कागद जाईल, नाही आली तर त्याचं नाव काढावं लागेल. त्यांचंही खोटं नव्हतं. तेव्हापासून एका माणसाची नोकरी त्या वाफ्यात उभी होती.

चौकीदार सुट्टीच्या दिवशी एसटी धरून आजीकडे जाऊ लागला. आधी नुसता बघायला जायचा, मग रोवणीला, म्हणजे रोपं लावायला उतरला, मग निंदायला. परत आला की ठाण्यावरून जाताना मला सांगायचा, बाई, बित्ताएवढं झालं. बाई, गुडघ्याला लागलं. आजी त्याला बांधावरून टोमणे मारायची, की तू पहारा देऊन राह्यला का धान उपटून राह्यला? पण डब्यात भाकरी दोघांची असायची. ठाणेदारही वरवर कुरकुर करत, पण सकाळच्या हजेरीनंतर हळूच विचारत, "त्या धानाचं काय?" सगळं ठाणं त्या एका कोपऱ्यातल्या पिकाचा हिशेब ठेवत होतं.

लोंब्या भरत आल्या आणि रानडुकरांचा कळप बांधीत शिरला. निम्म्याच्या वर पीक तुडवलं. चौकीदार ते सांगायला पहिल्या एसटीने ठाण्यात आला. संग्रहालयाच्या साहेबांनी ऐकलं आणि त्याला शिल्लक असलेली सगळी रजा मंजूर केली. तो गेला आणि कापणी होईपर्यंत बांधावरच्या मांडवात राहिला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर पंचनाम्यात मोठी माणसं जे "जुनं, निरुपयोगी" म्हणून लिहितात त्यापाशी थांबायला. पुढच्या नोकरीत मी प्रत्येक ठिकाणी विचारत गेले, की इथं काय नेलं ते कळलं, पण नेणाऱ्याने मागे काय ठेवलं? त्याने दोनदा मला खरंच मदत झाली. आणखी एक शिकले. माझं न बोलणं हे मी आयुष्यभर दुखणं समजत आले होते. त्या बाकावर ते एका माणसाच्या उपयोगी पडलं.

थंडी पडल्यावर आजी चंद्रपूरला आली. एसटीत तिने लोंब्या मांडीवर तान्ह्या लेकरासारख्या धरल्या होत्या. चौकीदार सोबत होता, उन्हाने काळा पडलेला. प्रदर्शन केव्हाच संपलं होतं, पण घर अजून मोडलं नव्हतं. ठाणेदारांनी मला जबाब लिहून घ्यायला पाठवलं.

आजीने आधी एक जुडी साहेबांपुढे ठेवली, नेलेली होती तेवढीच. मग त्या जुडीच्या निम्मी दुसरी ठेवली. साहेबांना गावातली हकिकत माहीत होती. ते म्हणाले, "आजी, डुकरांनी तुमचं एवढं नुकसान केलं. ही वरची तुमच्याकडेच राहू द्या."

आजीने जुडी त्यांच्याकडे सरकवली. "बियाचं मी ठेवलं माह्यापुरतं. हे तुमचं आहे. कमी घेतलं तं लोकं म्हनतीन का म्हातारीनं सरकारचं बुडवलं."

साहेबांनी दोन्ही जुड्या उचलून नोंदवहीत जमा केल्या. जबाबाखाली आजीने अंगठा दिला. मग साहेबांनी टेबलाच्या खणातून चौकीदाराचा कागद काढला आणि आमच्यासमोर सही केली. चौकीदार भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी ठाण्यात जाऊन डायरीला लिहिलं, की वस्तू दिढीने परत आली, अर्जदाराची तक्रार नाही, कोणाचं कोणाकडे काही देणं उरलं नाही.