परसातला पावणेतीन फुटांचा उतार

लोहाऱ्याच्या आमच्या घरात मागच्या दाराबाहेर पाऊल टाकले की जमीन लगेच उतरू लागते आणि परसाच्या टोकाला, संडासापाशी जाऊन थांबते. या उतारावर मी लहानाची मोठी झाले. तो मोजावा असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात आई तिथे घसरली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. पुण्याच्या प्रयोगशाळेतून दोन आठवड्यांची रजा काढून मी घरी आले, तेव्हा प्लास्टरपेक्षा दुसरीच गोष्ट माझ्या नजरेत भरली. आई पाणी पिणे टाळत होती. खाली जायचे तर कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि हात मागणे तिला जमत नव्हते. स्वयंपाकघराला लागून नवा संडास बांधू म्हटले, तर तिने तो विषय एका वाक्यात संपवला, “जिथं चूल, तिथं न्हाय.”

तेव्हा एकच उपाय उरला होता, आणि तो अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी येण्यापूर्वीच ठरवून टाकला होता: सगळे परस भराव घालून मागच्या दाराच्या पातळीला आणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आले. गावात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मी मामा म्हणते. त्यांच्या खांद्यावर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वेटोळे करून टाकलेली होती. नळीची दोन्ही टोके छातीशी एकत्र धरून ते दारात उभे राहिले आणि अण्णांशी बाजारातल्या सोयाबीनच्या भावावर बोलू लागले. पाच मिनिटे झाली. चहा आला. टोके छातीशीच. हा माणूस कामाआधीच वेळ काढतो आहे, अशी नोंद मी मनात केली.

मग त्यांनी एक टोक अण्णांच्या हातात देऊन त्यांना दारात उभे केले, दुसरे घेऊन ते संडासापाशी गेले, दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खुणा केल्या आणि पट्टी लावून सांगितले, “पावणेतीन फूट.”

“एवढा?” मी विचारले.

“डोळ्याला कमीच दिसतो, ताई. उताराची खोडच हाय ती.”

पावणेतीन फूट म्हणजे मागची भिंत दगडात नव्याने बांधणे, कारण एवढ्या भरावाचा रेटा जुनी भिंत सोसणार नव्हती. पावणेतीन फूट म्हणजे संडासाचे जोतेही तेवढेच उचलणे आणि मुरुमाच्या खेपांवर खेपा. मिस्त्रींनी खर्चाचा जो आकडा सांगितला, त्यात एक विंधन विहीर खणून झाली असती. अण्णांनी मान डोलावली. ती इतक्या सहज डोलावली की मला अण्णांचाही संशय आला. त्यातच आईने सहज बोलता बोलता सांगितले की मुरूम वाहणारा ट्रॅक्टर मिस्त्रींच्या मेव्हण्याचा आहे.

माझे शिक्षण मृदाशास्त्राचे. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये हे मला शिकवलेले आहे. पण संशयाला तेवढे एक निरीक्षण पुरते, हे मी स्वतःवर त्या दिवशी पाहिले. दिवसभर मी परसात फिरत राहिले. मला तो उतार कुठूनही दोन फुटांच्या वर दिसेना. मिस्त्रींनी पट्टी तिरपी धरली असेल का? अण्णांच्या हातातले टोक हलले असेल का? की खूण करताना बोट मुद्दाम वर सरकले? खालच्या टोकाला ते एकटेच होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी अण्णा शेताकडे गेल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून तशीच नळी आणली, बादलीतून पाणी भरले आणि आईला दारात खुर्चीवर बसवून डाव्या हातात वरचे टोक दिले.

“तुला त्यांचा इश्वास न्हाय?” आईने विचारले.

“मोजमापाला विश्वास लागत नाही, आई. टोक हलवू नकोस.”

“मंग मोज बाई. म्या हाय बसलेली. मला तरी कुठं जायचंय?”

परसाच्या मध्यावर जुन्या विटांचा गुडघाभर ढीग आहे. नळी त्यावरून नेत मी खाली गेले, खूण केली, पुन्हा वर आले, वहीत आकडे मांडले. पावणेदोन फूट. मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा तेवढेच आले. पूर्ण एक फूट खोटा होता, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा होता.

मिस्त्री दुपारी भिंतीची आखणी करायला आले, तेव्हा अण्णाही परतलेले होते. मी आवाज अतिशय सौम्य ठेवला. “मामा, तुमच्या मोजणीत एक फूट जास्त आलेला दिसतो. मी तीनदा मोजलंय.”

अण्णा चपापले. “अगं, ह्यांनी निम्मं लोहारा बांधलंय!”

“असू द्या, असू द्या,” मिस्त्री म्हणाले. “शिकलेल्या लेकराला इचारायचा हक्क हाय. ताईसाहेब, तुमची नळी कशी धरली हुती, तशीच धरा बघू.”

मी धरली. आईने तिचे टोक धरले, नळी विटांवरून गेली, मी खाली उभी राहिले. मिस्त्री माझ्यापाशी आले, माझ्या हातातले टोक अलगद घेतले आणि नळी विटांवर तशीच राहू देत चढ चढून दारात गेले. तिथे त्यांनी ते आईच्या टोकाला चिकटून धरले. दोन्ही टोके एकाच जागी, शेजारी शेजारी. दोन्हींतले पाणी एका रेषेत यायला हवे होते. माझ्या बाजूचे पाणी फूटभर खाली थांबले होते.

“आता हितं या,” ते म्हणाले आणि मला विटांच्या ढिगापाशी घेऊन गेले. ढिगावरून खाली उतरणाऱ्या नळीत, बरोबर फूटभर लांबीची, हवा अडकून बसली होती. “आधी दोन्ही तोंडं एकमेकाशेजारी धरायची. पाणी निवांत हुईस्तोवर गप्पा हाणायच्या. मंगच मोजायचं.”

आईने पदर तोंडाला लावला. पण तिचे खांदे हलत होते. मी उपकरणाची शून्य चाचणी घेतली नव्हती. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याची वही परत दिली असती. तीनदा तेच उत्तर आले, कारण तीनदा तीच चूक झाली होती.

“माफ करा, मामा,” मी म्हणाले. आणि तरीही राहवले नाही. “पण ट्रॅक्टर तुमच्या मेव्हण्याचाच आहे ना?”

“हाय की! मंग कुणाचा आणू? तुमच्या दिराचा? तो तर तुमच्या लग्नानंतर यायचाय!”

यावर अण्णासुद्धा हसले. उतार पावणेतीन फूट ठरला. तो भरणे परवडणारे आहे का, हा प्रश्न मात्र तसाच होता. आणि तो विचारला आईने.

“एक सांगा,” ती मिस्त्रींना म्हणाली, “समदं सपाट झाल्यावर पाणी कुठं जाईल?”

दारात भांडी घासायची आणि ते पाणी उतारावरून अळूच्या वाफ्याला, तिथून केळीला जाऊ द्यायचे, ही आईची पाणीव्यवस्था मी जन्मभर पाहिली होती. पावसाचे पाणीही त्याच वाटेने घरापासून दूर जात असे. घराखाली काळी माती आहे. सपाट परसात पाणी दाराशी थांबले असते, माती फुगली असती, उन्हाळ्यात आकसली असती आणि भिंतीला तडे गेले असते. हे माझ्या विषयातले होते. पण मी फूट मोजण्यात गुंतले होते.

“मला काय मैदान पायजे?” आई म्हणाली. “मला तिथवर एकटीनं जाता आलं म्हंजे झालं.”

मग आम्ही तिघे विटांच्या ढिगावर आणि आई दारातल्या खुर्चीवर, असे बसून बेत बदलला. डाव्या कुंपणाच्या कडेने चार फूट रुंदीची वाट करायची. ती सरळ खाली न नेता मध्ये एक वळण देऊन लांबवायची, म्हणजे चढ सौम्य होईल. कडेला लोखंडी नळीचा कठडा. बाकी उतार, अळू आणि केळीसकट, आहे तसा ठेवायचा. सांगितलेल्या खेपांपैकी फार थोड्या लागणार होत्या. यात आपले नुकसान होते हे मिस्त्रींना दिसत होते, तरी त्यांनी वळणाची जागा स्वतः चुन्याच्या फक्कीने आखून दिली. यामागे काय असावे, याचा मी बराच वेळ विचार केला. काही सापडले नाही.

ट्रॅक्टर आला तेव्हा मी दारात पहार घेऊन उभी होते. ट्रॉलीवर लालसर मुरूम छान दिसत होता. मी पहार आत खुपसली आणि बाहेर काढली. टोकाला काळी, चिकट माती होती.

“मामा, हे बघा.”

मिस्त्रींनी ती बोटांत चोळली. त्यांचा चेहरा उतरला. मेव्हण्याकडे वळून ते म्हणाले, “लाज वाटती का रं? माझ्या तोंडाला काळं फासायला निघालास? ने परत!” मेव्हणा पुटपुटला, की खाणीच्या कडेची माती चुकून आली असेल. ट्रॉली परत गेली. पुढच्या खेपा मिस्त्रींनी स्वतः पहार खुपसून उतरवून घेतल्या, आणि दरवेळी माझ्याकडे पाहिले.

माझ्या रजेचे दोन दिवस उरले असताना वाट पुरी झाली. सकाळी मी आईला म्हणाले, “चल, हात धरते.” ती उठली नाही. काठोकाठ भरलेला तांब्या मागवून तिने तो वाटेच्या सुरुवातीला ठेवला, वाकली आणि पाण्याची कड पाहिली. एका बाजूने पाणी ओघळले.

“अजून उतार हाय की गं.”

“मुद्दाम ठेवलाय. एवढा लागतोच, नाहीतर पाणी साचेल.”

“मिस्त्री म्हणतात का तसं?”

“मी म्हणते.”

“त्येंनी मोजलंय ना पण?”

“दोन्ही तोंडं शेजारी धरून,” मी म्हणाले.

तिने तांब्या डाव्या हातात घेतला, प्लास्टरचा हात कठड्यावर टेकवला आणि चालू लागली. मी तिच्या पाठोपाठ एक पाऊल टाकले होते. ते तिला मागे न पाहता कळले.

“तू थांब तिथंच.”

मी दारात थांबले. ती वळणावर पोचली, पायाने जमीन दोनदा चाचपून पाहिली आणि पुढे गेली.