मी शीळफाट्याला नेलेला भूकंप

नौपाड्याच्या साठेबाईंच्या नावावर मी खोटं छापलं — किल्लारीच्या भूकंपानंतर आलेल्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही.

त्या दिवसांत ट्रक धडधडत गेला तरी माणसं जिना उतरून खाली यायची. आणि आमचं आंदोलन होतं शीळफाट्याजवळच्या दगडखाणीतल्या सुरुंगांविरुद्ध. दिवा गावात घरांच्या भिंतींना तडे जात होते. खरंच जात होते! पण बघतो कोण? अर्ज देऊन देऊन जीव उबगला होता.

मग एका दुपारी जमीन हलली. जराशीच. मुंबईच्या भूकंपमापन केंद्राने अंतर तेवढं सांगितलं. मी नकाशावर कंपास फिरवला — वर्तुळ थेट खाणीवरून गेलं. आणखी काय हवं होतं?

साठेबाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या, आमच्या बाजूच्या होत्या. त्यांच्याकडे धावलो.

"अरे विलास, पहिल्या लाटेनंतर दुसरी किती वेळाने आली, त्यावरून नुसतं अंतर कळतं. दिशा नाही. आणखी दोन केंद्रांची वर्तुळं येऊ देत. तिन्ही छेदतील तिथे तो झाला."

आणि किती मोठा?

"काटा किती हलला एवढं बघून चालत नाही, किती लांबून हलला तेही धरावं लागतं. थांब ना जरा! भूकंप म्हणजे काय तुझी सभा आहे, तू सांगशील तिथे भरायला?"

मला कळलं होतं. नीट कळलं होतं. तरी पत्रक छापलं — भूकंपाचं केंद्र शीळफाट्याची खाण! खाली 'प्रा. साठे यांचा निष्कर्ष'. त्यांना न विचारता. माझ्या नावाला कोण भीक घालणार होतं?

तिन्ही वर्तुळं छेदली ती पेणच्या डोंगरात. पुढच्या सभेत साठेबाई बोलायला आल्या होत्या. खाणवाल्याचा माणूस पत्रक नाचवत उठला, "काय बाई, तुमचा भूकंप पेणला गेला की! एसटीनं गेला का?" सभा हसली. तडे गेलेल्या घरांतली माणसंच हसली. बाईंनी पत्रक घेतलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी एकच वाक्य बोलायचं होतं. मी चपलेचा अंगठा बघत बसलो — मी, नाक्यानाक्यावर घसा फोडणारा! "चूक झाली," म्हणाल्या, आणि गेल्या. पुन्हा त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही. आम्हीसुद्धा नाही. कॉलेजात पोरं त्यांच्या पाठीमागे एसटीची घंटी वाजवायची.

चळवळीसाठी केलं, असं लिहिणार होतो. नाही लिहीत. भ्यालो.

ते पत्रक डोंबिवलीपर्यंत घरोघर गेलंय. तुमच्याकडे असेल, तर शोधून काढा. साठेबाईंचं नाव खोडा. तिथे विलास म्हात्रे लिहा.