बंद दाराआड काय चालायचं

हे गेले त्या दिवशी मी डबा घेऊन मैदानावर गेले, तर सामानाच्या खोलीचं दार आतून लावलेलं. आत आमचे हे आणि ती पोरगी. धावण्याच्या मोठमोठ्या शर्यती जिंकते, पेपरात फोटो येतो, ती. मी बाहेर बाकावर बसले. मग ती डोळे पुसत आली आणि माझ्याकडे न बघता सटकली. मागून हे, पट्टे आखायच्या चुन्याच्या फक्कीची गाडी ढकलत.

"काय चाललं होतं आत?"

"काही नाही गं. डबा ठेव, पट्टे मारून येतो."

पांढरा पट्टा अर्धा झाला आणि हे तिथंच बसले. ते उठलेच नाहीत.

सकाळी ठणठणीत निघालेला माणूस. मला सांगा, संशय येणार नाही?

यांचं काम मैदानाला पाणी मारायचं, पट्टे आखायचे. पण शर्यतीआधी पोरं यांच्याचकडे यायची. शाळेतलं शेंबडं आलं की म्हणायचे, "अरे, वाऱ्यासारखा पळतोस!" धडधडीत खोटं. बदकासारखं पळायचं ते. जिल्ह्याला खेळणारा आला की म्हणायचे, "बाकीचे सावलीत बसले तेव्हा तू पळत होतास, मी बघितलंय." हे सगळं उघड्यावर, माझ्यादेखत. मग हिलाच दार कशाला? मागंही एकदा विचारलं होतं, तर म्हणे, "तिचं वेगळं आहे." वेगळं! झालं, डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

तेराव्याचे पाहुणे पांगले आणि ही दारात हजर. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"काकू, उद्या शर्यत आहे."

"मग मी काय करू?"

"मला झापा ना."

म्हटलं, पोरगी डोक्यावर पडली की काय.

"सगळे नुसती वाहवा करतात हो. ऐकून ऐकून आतून भीतीच वाटते, खोटं असलं तर? काका दार लावून झापायचे. डावा हात लुळा पडतो, वळणावर ढेपाळतेस. पार रडवायचे. मग पळताना वाटायचं, वाईट ते सगळं ऐकून झालं, आता कुणाला घाबरू?"

असेल खरं. नसेलही. मी काय लगेच विरघळणारी नाही.

"दार लावू का, काकू?"

"राहू दे उघडं! ऐकू दे गल्लीला." आणि सुरू झाले. "चपला घालून घरात शिरलीस. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांना चार घास खाऊ दिले नाहीस. भरला डबा परत आणला मी, भरला!"

ती खाली मान घालून सगळं ऐकत होती. मग डोळे पुसत निघाली. त्या दिवशी निघाली होती तश्शीच.

मी दारात उभी राहून बघत होते. डावा हात खरंच लुळा पडतो तिचा.

"ए, हात!" मी ओरडले.

तिनं मागं न बघता उचलला.