पहिला पीरियड रिकामा का होता

"काळेजी, शारदाजींचा पहिला पीरियड सहाही दिवस रिकामा आहे. कारण?"

नव्या प्रिन्सिपल, भटनागर मॅडम, माझ्या टाइमटेबलवर पेन्सिल टेकवून विचारत होत्या. मी गणिताचा शिक्षक. बदलीवर जयपूरला आलो तेव्हा गणितवाला म्हणून टाइमटेबलचं कामही गळ्यात पडलं. माझ्या आधीच्या माणसाने तो पीरियड रिकामा ठेवला होता, म्हणून मीही ठेवला.

"पहिल्यापासून तसंच आहे, मॅडम."

"हे कारण नाही झालं."

खरं होतं. दोन हजार चार-पाचची ही गोष्ट. शाळेत कॉम्प्युटर आले होते आणि मॅडमना सगळं टाइमटेबल नव्याने हवं होतं, सर्वांचा लोड समान धरून. लोड म्हणजे एका शिक्षकाचे आठवड्याचे पीरियड. आमच्याकडे जुन्या शिक्षकांना हलका आणि नव्यांना जड लोड असे. मॅडमचा मुद्दा न्यायाचा होता, आणि हिशेब मला पटला. संस्कृतच्या शारदाजींना मी सहावीचा पहिला पीरियड दिला. त्यांनी तो डायरीत उतरवून घेतला.

स्टाफरूममध्ये मात्र नव्या टाइमटेबलवरून वाद पेटला. राज्यशास्त्राचे शेखावत ऐकत बसले होते. हा माणूस पक्का डावा, पण अकरावीला सगळ्या विचारसरण्या इमानदारीने शिकवायचा.

"तुम्ही सगळे कन्झर्व्हेटिव्ह आहात," ते म्हणाले. "फक्त जाती वेगळ्या. माथुरजी म्हणतात, जुनं ते जुनं, हात लावू नका. ड्रॉइंगवाल्या गुप्ताजींचं म्हणणं, प्रिन्सिपलने गेट आणि फी पाहावी, बाकी आम्ही आपसात ठरवू. आणि तिसरी जात म्हणते, बदला, पण आधी ती चीज तिथे का आहे ते विचारा. मतलब दुरुस्ती करा, पाडापाड नको. त्यांचं म्हणणं, चार पिढ्यांनी चुकतमाकत जे जमवलं, ते एका हुशार माणसाच्या डोक्यात मावत नाही."

"आणि तुम्ही कोणत्या जातीचे?"

"मी पाडणाऱ्यांतला. तिसरी जात फक्त परीक्षेपुरती शिकवतो."

सगळे हसले. मी टाइमटेबल बोर्डावर लावलं.

आमची शाळा आग्रा रोडकडे. त्याच रस्त्यावरच्या कानोता गावाहून काही मुलं येत, बहुतेक फौजींची. वडील सीमेवर आणि घर गावात. गावातून निघणारी बस भरल्याशिवाय हलत नसे. ती रोज प्रार्थनेनंतर पोचायची, आणि तोवर गेट बंद झालेलं असे. नियमच तसा होता.

आठवड्याभरात माझ्या दहावीच्या वर्गातली कानोत्याची सुमन हजेरीत गैरहजर दिसू लागली. मी चौकीदाराला विचारलं.

"लेट आली तर परत पाठवतो, साहब."

"आधी तर येत होती."

"आधी शारदाजी उभ्या असायच्या ना."

मग कळलं. कानोत्याची मुलं आली की शारदाजी त्यांना आत घेत. लायब्ररीत बसवून पहिल्या पीरियडचा धडा, कोणत्याही विषयाचा, जमेल तसा वाचून घेत आणि दुसऱ्या पीरियडला वर्गात सोडत. वर्गशिक्षक न बोलता हजेरी लावत. मीही लावत होतो. मूल समोर बसलेलं दिसलं की पुढे विचारत नसे.

"शारदाजी, सांगायचं ना," मी म्हटलं.

"कुणी विचारलं नाही. आणि काय सांगणार? तो काही माझा हक्क नव्हता. सवय होती."

सुमनचे आजोबा आधीच म्हणत होते, शाळा घेत नसेल तर मुलीला पाठवायचं कशाला. हजेरी कमी भरली असती तर ती बोर्डाच्या परीक्षेलाही मुकली असती.

मॅडमना सांगितलं. त्या मनाने मोठ्या, लगेच मानलं. "पण एकट्या शारदाजींवर का? हे शाळेचं काम आहे." त्यांनी योजना काढली: विलंबित विद्यार्थी सहायता कक्ष. शिक्षकांची पाळी, मुलांची सही, तीनदा उशीर झाला की घरी नोटीस.

योजना कागदावर निर्दोष होती. पण पाळीवरचे शिक्षक तिथे बसून मुलांच्या कॉप्या-वह्या तपासू लागले. शहरातल्या विद्याधर नगरची, गाडीने येणारी मुलं उशिरा उठून आरामात कक्षात येऊ लागली. आणि नियमाप्रमाणे नोटिसा निघाल्या.

सुमनचे आजोबा नोटीस घेऊन आले. डोक्यावर साफा, हातात काठी. मॅडमसमोर उभेच राहिले.

"बाईसा, इतकी वर्षं पोरगी शाळेत होती. आता हा कागद म्हणतो की ती लेट आहे. बस तर तीच आहे."

"बाबाजी, बसा. हा नियम सगळ्यांसाठी..."

"मग आधी काय नियम नव्हता?"

मॅडमनी त्यांच्या हातातली नोटीस घेऊन वाचली. मग तिची घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली. "उद्या सुमनला पाठवा. कागद येणार नाही." ते गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"कक्ष बंद. शारदाजींचा पहिला पीरियड रिकामा करा. पण नव्या शिक्षकांचा लोड पुन्हा वाढता कामा नये."

"सहावीला पहिल्या पीरियडला मी गणित घेतो. तिथला माझा नंतरचा एक शारदाजींना देतो."

"कारण काय लिहाल?"

"टाइमटेबलमध्ये कारणाचा रकाना नसतो, मॅडम."

त्या पहिल्यांदाच हसल्या.

सुमन आमच्याच शाळेतून बोर्डाला बसली आणि पास झाली. शारदाजी पुढच्या वर्षी रिटायर झाल्या. जाताना त्यांनी शेखावतांना गेटवर नेलं आणि बस कुठून वळते ते दाखवलं. शेखावत माझ्याकडे तक्रार घेऊन आले.

"मतलब, परंपरा आता मी चालवायची?"

"तुम्ही तिसरी जात शिकवता ना."

"शिकवणं वेगळं, भैया." पण दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच ते गेटवर होते.

लोड समान करण्याचा मॅडमचा आग्रह बरोबरच होता, आणि तो राहिला. त्या जुन्या टाइमटेबलमधले सगळेच रिकामे पीरियड काही पुण्यकर्माचे नव्हते. मी एकेकाचं कारण विचारत गेलो. तीन निव्वळ आळसाचे निघाले. ते मी भरून टाकले, आणि त्यांच्यासाठी आजवर कुणाचे आजोबा आलेले नाहीत.