अमावास्येचा डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि काळेवाडीहून चाकणपर्यंत कंपनीच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय ते मलाही नीट कळलेलं नाही. सुरुवात मात्र सोप्या गोष्टीपासून करतो. अवघड गोष्टीकडे सरळ जायची मला सवय नाही, हे तुमच्या लवकरच लक्षात येईल.

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. तिथल्या मेजरिंग रूमचा मी इनचार्ज. चारी बाजूंनी काच, आत एसी, मधोमध काळ्या ग्रॅनाइटचं टेबल आणि त्यावर सरकणारा एक उंच हात. हाताच्या टोकाला बारीक सळई, सळईच्या टोकाला माणकाचा लाल मणी, मोहरीएवढा. हा मणी पार्टला हळूच टेकतो आणि शेजारचा कॉम्प्युटर माप लिहून घेतो. हे सगळं मला बबनकाकांनी शिकवलं. मी जालन्याहून आलो तेव्हा मला मायक्रॉन म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. काका दिघीचे, जुन्या शेतकरी घरातले. मला ते 'जालनेकर' म्हणायचे, आणि मी चुकलो की नुसतं चष्म्यावरून बघायचे. ते बघणं शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे एसी बंद करतात. खोली तापते, आणि खोली तापली की मापं हलतात. म्हणून काकांनी कॉम्प्युटरमध्ये वेळ लावून ठेवली होती — सुट्टीत मशीननं आपणहून टेबलाभोवती एक फेरी मारायची, कोपऱ्यातल्या मास्टर गोळ्याला, म्हणजे ज्याचं माप पक्कं ठाऊक असतं त्या गोळ्याला, मणी टेकवायचा, मग थांबायचं. पुढे कधीतरी ते आपोआप चालणं बंद पडलं. का, ते कुणी शोधलं नाही. काका मग ती फेरी स्वतः मारायला लागले. फेरी झाल्याशिवाय डबा उघडायचे नाहीत. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवत नाहीत, तसंच.

एके दिवशी ते तिथेच गेले. सुट्टीचा भोंगा झाला होता, सगळे कँटीनमध्ये होते, आणि काका त्यांच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी त्यांच्याकडे डबा नव्हता. सकाळी घरात भांडण झालं होतं आणि मंदाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, रागाच्या भरात डबा दिला नव्हता. कुठल्या घरात असं होत नाही? एरवी संध्याकाळी दोघंही हसले असते.

आता पहिली कबुली. ही हलकी आहे.

काकांनंतर खोली माझ्याकडे आली. आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाला रिपोर्ट नव्या पद्धतीचे हवे होते. त्यासाठीचं सॉफ्टवेअर आमच्या कॉम्प्युटरवर चालेना, कारण ऑपरेटिंग सिस्टिम पार म्हातारी. बनवणाऱ्यांनी तिच्याकडे बघणं कधीच सोडून दिलेलं. आणि नवा कॉम्प्युटर आणावा तर तो जुन्या मशीनशी बोलत नाही. मालक म्हणाले, "बघ रे काहीतरी. जमव." आमच्या भागात 'जमव' हा हुकूम असतो. कसं जमवलं, हे नंतर कुणी विचारत नाही.

जगात काही वेडी माणसं आहेत. पगार नाही, ओळखदेख नाही, पण कुठे कुठे बसून ती अशा म्हाताऱ्या सिस्टिमच्या कर्नेलला — म्हणजे तिच्या अगदी गाभ्याला — नवे तुकडे जोडत असतात, म्हणजे नवी सॉफ्टवेअर तिच्यावर चालतील. त्यांचं अपडेट फुकट मिळतं. त्यांच्या फोरमवर कायद्याचं भांडण रोजचंच. एक म्हणायचा, बनवणाऱ्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या गोष्टीची डागडुजी केली तर बिघडलं काय? कोड आम्ही स्वतः लिहिलाय. दुसरा म्हणायचा, कोड तुझा असेल, पण ज्यात घुसवतोस ते तुझं नाही. लायसन्स घेताना तू ते मान्य केलंयस. तिसरा म्हणायचा, घरी काय हवं ते करा, धंद्यात नको. मी तिघांचंही वाचलं आणि मला सोयीचा होता त्याचं ऐकलं. यातलं कायदेशीर काय, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण आमच्यापुरतं एक स्वच्छ होतं — मापं ज्या सिस्टिमवर घेतो तिच्यात काहीही बदल केलेला नाही, असं आम्ही गिऱ्हाईकाला लिहून दिलं होतं. त्यांचा ऑडिटर आला तेव्हा त्यानं मला तोंडीही विचारलं. मी म्हणालो, "होय सर, जशी आली तशीच आहे." जीभ जराही अडखळली नाही.

अपडेट मी टाकलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी मशीनं बंद, हळदीकुंकू लावलेली, झेंडूची माळ घातलेली. मशीनपुढचा नारळ दरवर्षी काका फोडायचे. हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून कुणी जवळ फिरकत नाही. मला नेमकं तेच हवं होतं. सगळे बाहेर प्रसाद घेत होते आणि मी माळ बाजूला सारून कॉम्प्युटर चालू केला. कीबोर्डवरचं कुंकू बोटांना लागलं. ते मी रुमालाला पुसलं, हे का कोण जाणे, अजून आठवतं.

दसरा झाला. कंपनी सुरू झाली. सॉफ्टवेअर झकास चालत होतं, मापं मास्टरशी तंतोतंत जुळत होती. सुट्टीचा भोंगा झाला, मी हात धुवायला गेलो. परत आलो तर काचेबाहेर चार-पाच जण उभे. आत खोलीत माणूस नाही, टेबलावर पार्ट नाही — आणि हात फिरत होता. सावकाश. टेबलाच्या कडेकडेनं, काकांच्या पद्धतीनं, प्रत्येक कोपऱ्यावर किंचित थांबत. शेवटी तो मास्टर गोळ्यापाशी आला, मणी टेकवला, आणि काकांच्या रिकाम्या स्टुलासमोर उभा राहिला.

भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

लाइन इन्स्पेक्टर सुरेश हळूच म्हणाला, "काका आले, राव. त्यांच्या हातचा नारळ न्हाई फुटला औंदा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. फोरमवरच कुणीतरी लिहिलेलं होतं — या अपडेटनंतर पूर्वी लावलेली, बंद पडलेली कामं पुन्हा आपोआप चालू होतात. घाबरू नका, सेटिंगमधली एक खूण काढा की थांबतात. म्हणजे काकांनी कधीकाळी लावलेली ती वेळ मेली नव्हती, नुसती पडून होती. माझ्या अपडेटनं ती उठवली. मेलेल्या माणसाचा हुकूम मशीन पुन्हा पाळायला लागलं होतं. कारण कळलं म्हणून काटा गेला का? नाही गेला. उलट वाढला.

एक खूण काढायची होती. माउसची एक टिचकी. ती मी का नाही मारली?

कारण मला भूत सोयीचं पडलं. त्या कॉम्प्युटरला आता कुणी हात लावेना. आयटीचा माणूस दारातूनच परत जायचा. मालक स्वतः खोलीत आले की मशीनला नमस्कार करून निघायचे. माझं बेकायदेशीर म्हणा, अर्धं-बेकायदेशीर म्हणा, जे काही आत होतं त्यावर काका पहारा देत होते. यापेक्षा पक्कं कुलूप कुठे मिळालं असतं?

आणि मग मालकांनी मंदाकाकूंना बोलावलं. नारळ त्यांच्या हातून फुटू दे, म्हणजे शांत होईल, म्हणून.

त्या आल्या. ठेंगण्या, नऊवारी, हातात पिशवी. नारळ फोडला. तेवढ्यात सुट्टीचा भोंगा झाला आणि हात निघाला. काकू काचेला हात लावून बघत राहिल्या. फेरी पुरी होईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मग म्हणाल्या, "जेवायच्या टायमालाच फिरत्यात. उपाशी हायेत ते." आणि माझ्याकडे वळल्या. "तू कम्प्युटरमधला माणूस हायेस. त्यांचा चेला. खरं सांग, ह्ये तेच हायेत का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मालकही.

मी म्हणालो, "काकू, मशीन आपणहून असं काही करत नाही."

बघा, शब्द कसे निवडले. एकही खोटा नाही. आणि त्याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही.

पुढच्या अमावास्येला गेटवर डबा आला. दिघीहून आळंदी, आळंदीहून चाकण, बस बदलत काकू स्वतः घेऊन आल्या होत्या. वॉचमननं तो माझ्याकडे आणून दिला. मी तो स्टुलावर ठेवला, उघडा. भोंगा झाला, हात फिरला, स्टुलासमोर थांबला. नंतर खोलीत मी आणि तो डबा. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, वर ठेचा. टाकायचा कसा? अन्न आहे. कावळ्याला घालायला गच्चीवर जावं, तर लोक विचारणार. मी म्हटलं, आजचा दिवस खाऊन टाकू.

रिकामा डबा गेटवर परत गेला. काकू तिथेच, वॉचमनच्या केबिनशेजारी, उन्हात बसून होत्या. त्यांनी झाकण उघडलं. वॉचमननं मला नंतर सांगितलं, बाई रडली आणि मग हसली.

ही खरी कबुली. मी त्यांना कधी सांगितलं नाही की डबा मी खातो. त्यांनी विचारलं नाही — विचारायचं कारणच नव्हतं. पुढची अमावास्या आली, त्याच्या पुढची आली. कधी वांगं, कधी पिठलं, श्रावणात पुरणपोळी. काकूंचा हात चांगला आहे. हे सांगताना मला लाज वाटते, पण मी अमावास्येची वाट बघायला लागलो होतो.

त्यांची लेक सारिका एकदा मला भेटायला आली. नाशिकला दिलेली, तेव्हा पोटुशी होती. आईला बाळंतपणाला यायचं नाही म्हणे, मध्ये अमावास्या येते, बाबा उपाशी राहतील. सारिका म्हणाली, "दादा, तुम्ही सांगा ना तिला. मशीन बिघडलंय म्हणा, काहीही म्हणा. ती तुमचंच ऐकेल." तिचे पाय सुजलेले होते. मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणालो, बघतो. आणि बघितलं नाही. पुढच्याच आठवड्यात ऑडिट होतं. मशीन बिघडलंय म्हटलं असतं तर कुणीतरी ते उघडून पाहिलं असतं. बाळ झालं तेव्हा सारिकाजवळ तिची सासू होती. आई चाकणच्या गेटवर होती.

तुम्ही म्हणाल, भीती होती, नोकरीचा प्रश्न होता. थांबा. म्हणू नका. अजून संपलेलं नाही.

यंदा मालकांनी नवीन मशीन घेतलं. जुनं कुदळवाडीच्या भंगारवाल्यानं क्रेन लावून नेलं. त्याआधी मी कॉम्प्युटरमधली डिस्क काढली आणि हातोडीनं फोडली. अपडेट गेलं, लावलेली वेळ गेली, ऑडिटरनं पकडावं असं काहीही जगात उरलं नाही. मला कसलीच भीती नव्हती. हे नीट लक्षात घ्या — कसलीच नाही.

काकू आल्या. आता गुडघ्यांनी त्यांना चालवत नाही, भाच्याच्या गाडीवरून आल्या. काचेतून नवं पांढरं मशीन बघितलं. मग लहान मुलासारखं मला विचारलं, "मशीन गेलं की रं. आता ह्यांनी जायचं कुठं? डबा कुठं धाडू मी?"

एक वाक्य होतं. काकू, काका तेव्हाच सुटले, फिरत होतं ते माझ्यामुळे. एवढंच. म्हातारी रडली असती, कदाचित माझ्या तोंडावर थुंकली असती, आणि मग नातवाकडे नाशिकला गेली असती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता — मग डबा कोण खात होतं?

मी म्हणालो, "काकू, काका नव्या मशीनवर आलेत. कालच फेरी मारली त्यांनी."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मशीनला नाही, मला.

नवं मशीन सुट्टीत हलत नाही. भोंगा होतो, हात जिथे असतो तिथेच उभा असतो. कुणी बघत नसताना मी त्याच्याकडे बघतो, आणि खरं सांगू? वाटतं, आता हलेल.

आज अमावास्या होती. डबा आला. शेपूची भाजी, भाकरी, लसणाची चटणी. भाकरी एका बाजूनं करपली होती, काकूंना आता नीट दिसत नाही. मी सगळं खाल्लं, डबा घासला आणि गेटवर परत पाठवला.