आक्काला वास येईना

निपाणीच्या कडेला आमची गल्ली होती आणि गल्लीभर तंबाखूच्या वखारी. आता तिथं अपार्टमेंट झालीत. हंगामात हवेत पिवळसर धूळ तरंगायची. पाहुणे दारातच शिंकायला लागायचे आणि आम्ही त्यांना हसायचो.

माझी थोरली बहीण, आक्का, वखारीत तंबाखू चाळायला जायची, नाकातोंडाला पदर बांधून. संध्याकाळी आली की माझं डोकं जवळ ओढून हुंगायची. "शिकेकाई लावलीस न्हवं आज?" तिच्यापासून काही लपायचं नाही.

पुढं तिचं लग्न त्याच गल्लीत झालं, काम सुरूच राहिलं. एकदा ती चुलीजवळच बसून भाकरी थापत असताना त्याच चुलीवरचं दूध करपून काळं झालं. तिला पत्ताच नाही. मग एकदा तिनं आंबलेली आमटी वाढली. भावोजींनी ताट सरकवलं. डॉक्टरला दाखवूया म्हटलं, तर म्हणाली, "वासानं काय पोट भरतंय?"

वखारी बंद पडल्या, भावोजीही गेले. आक्का एकटीच तिथं राहिली, मी बेळगावात.

गेल्या वर्षी दिवेलागणीला न कळवता तिच्याकडं गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं आणि गॅसचा वास एकदम डोक्यात गेला. आतून तिचा आवाज आला, "कोण हाय? थांब, दिवा लावते." ती देव्हाऱ्यापुढं बसली होती. हातात काडीपेटी.

"आक्का, काडी वडू नको!"

मी पेटी हिसकावली, तिला दंडाला धरून बाहेर काढलं, शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. दुपारी चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू राहिलं होतं.

बाहेर कट्ट्यावर बसल्यावर तिनं हळूच विचारलं, "लई येत होता वास?"

"लई."

"डोकं जड झालतं, पर ध्यानात न्हाय आलं." मग म्हणाली, "ह्या महिन्यात दुसऱ्यांदा झालं गं. मागच्या वेळी शेजारीण धावत आलती. तुला सांगितलं न्हाय."

मी दुसऱ्याच दिवशी विजेची शेगडी आणली. गॅस काढून टाकताना ती म्हणाली, "माझ्यासंगं चाळायला होत्या त्या तिघींचं पण असंच हाय. एकेकट्याच ऱ्हात्यात."

मी तशीच त्यांच्या घरांकडं निघाले. दोघी घरात भेटल्या. तिसरीच्या दाराला आतून कडी होती. हाका मारून माझा घसा बसला, तेव्हा कुठं आत भांडं पडल्याचा आवाज आला.