टाकी भरेपर्यंत

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून एक पाइप खाली येतो. टाकी भरून वाहायला लागली की जास्तीचं पाणी त्यातून पडतं, आणि ते पडतं नेमकं माझ्या बाल्कनीच्या कठड्यावर. कठड्याला लागून माझी खुर्ची, खुर्चीत मी आणि माझ्या हातात पेपर. निवृत्त झाल्यापासून सकाळची ही वेळ मी कुणाच्या बापाला देत नाही. पण आठवड्यातून एकदा तरी पावणेआठच्या सुमारास पहिल्या पानावर धार लागायची आणि मी कठड्यावरून वाकून, चारही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात टाकीकाकांचा उद्धार करायचो.

टाकीकाका म्हणजे आमचा पंप चालवणारे. हे नाव पोरांनी ठेवलं आणि ते चिकटलं. पंपाच्या खोलीला लागून त्यांची खोली, तिथे ते आणि काकू राहतात. रोज सकाळी सातला मोटर लावायची, चाळीस मिनिटांनी टाकी भरली की बंद करायची, आणि मग दिवसभर कुणाचा नळ गळतो, कुणाची कडी अडकते ते बघत फिरायचं. कामाला माणूस सोन्यासारखा. फक्त ती चाळीस मिनिटं त्यांना मोजता येत नसावीत, अशी माझी पक्की समजूत झाली होती. आणि मी छत्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस. मापात चूक दिसली की माझं डोकं फिरतं. म्हणूनच बहुधा इमारतीचं सेक्रेटरीपण माझ्या गळ्यात पडलं.

एकदा मात्र अति झालं. मी पुरावा म्हणून ओला पेपर हातात घेतला आणि तडक खाली गेलो. पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं, मोटर घुमत होती, आणि टाकीकाका उलट्या बादलीवर बसून, मांडीवर फळी ठेवून लिहीत होते. जुन्या नोटिसांच्या कोऱ्या पाठीवर, पेन्सिलीने.

"टाकी वाहतेय," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही, नुसता डावा हात वर केला. "एवढं वाक्य होऊ द्या, साहेब."

आणि सांगायला लाज वाटते, मी थांबलो. पेपरातलं पाणी पायावर ठिबकत होतं, सेक्रेटरी दारात उभा होता, आणि आत एका माणसाचं वाक्य होत होतं. ते झाल्यावर त्यांनी मोटर बंद केली, कागदांची घडी करून खिशात घातली आणि माझी रीतसर माफी मागितली. काय लिहिता एवढं, असं विचारलं तर म्हणाले, "घरचंच आपलं."

त्याच महिन्यात मी ऑटोमॅटिक बसवून घेतलं. पाणी कमी झालं की मोटर आपोआप सुरू, भरलं की आपोआप बंद. सभेत मी त्यावर अर्धा तास बोललो. त्यातली पंचवीस मिनिटं पेपरबद्दल होती असं आमची ही म्हणते, पण तिचं काही मनावर घेऊ नका. यंत्र बसलं, पेपर कोरडा राहायला लागला आणि मी स्वतःवर फार खूश झालो. टाकीकाकांचंही एक काम कमी झालं, म्हणजे त्यांच्यावर उपकारच केले असं मी धरून चाललो होतो.

तीन आठवड्यांनी काकू दारात उभ्या राहिल्या. त्या कधी वर येत नाहीत. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "साहेब, तुमचं ते यंत्र काढता येईल का हो?"

"का? पाणी येत नाही?"

"पाणी येतंय. यांचं लिहिणं थांबलंय."

मग हिने त्यांना बसवलं, चहा दिला, आणि सगळं बाहेर आलं. टाकीकाकांना एक बहीण आहे, अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना वाढवलं. आता ती दुसऱ्या गावी लेकीकडे असते आणि तिला विसरायला होतं. आधी कालचं विसरायची, मग माणसं विसरायला लागली. दोन वर्षांपूर्वी भाचीने विनवलं, मामा, तुम्हा दोघांचं लहानपण लिहून पाठवा, मी आईला वाचून दाखवीन. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस. त्याने त्याआधी गळक्या नळांच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण दोन वर्षं दर शनिवारी चार पानं टपालात पडली, एकही खाडा नाही. भाची वाचते, आणि त्या आठवड्यात ताई जेवते, हसते, दोन घास लेकीलाही भरवते.

"आणि आता तीन शनिवार काही गेलं नाही," काकू म्हणाल्या. "भाचीचा फोन आला होता. ताई दाराकडे बघत बसतात. कुणाची वाट बघताय विचारलं तर सांगता येत नाही त्यांना. डॉक्टर म्हणतात, अजून काही महिने ऐकलेलं समजेल. पुढचं धरून चालू नका."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण मी चूक पटकन कबूल करणारा माणूस नाही. मी म्हटलं, यंत्राचा यात काय दोष, त्यांना तर आता उलट जास्त वेळ मिळतो. लिहायला नीट जागा नसेल. ती देतो.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीची खोली उघडून दिली. टेबल, खुर्ची, दिवा, पंखा, पाण्याचा तांब्या आणि रेघांची नवी वही. सातला टाकीकाका अंघोळ करून आले, दोनदा नमस्कार करून बसले. मी दार ओढून घेतलं आणि एखाद्या मुलाला परीक्षेला बसवून आल्यासारखा बाहेर फेऱ्या घालत राहिलो.

तासाभराने आत गेलो तर वही कोरी. टेबलाचा पाय मात्र डुगडुगायचा थांबला होता. दुसऱ्या दिवशी पंख्याची करकर गेली. तिसऱ्या दिवशी दाराच्या बिजागऱ्यांना तेल मिळालं, चौथ्या दिवशी कपाटाचं वर्षानुवर्षं अडकलेलं कुलूप उघडलं. आठवड्याभरात कमिटीची खोली नव्यासारखी झाली. वहीत एक तारीख पडली होती, तीही खोडलेली.

"अहो, घोडं पेंड कुठे खातंय?" मी शेवटी विचारलं. "स्फूर्ती येत नाही का?"

"ती तर कधीच येत नव्हती, साहेब," टाकीकाका म्हणाले. "इथे वेळ पुष्कळ आहे, पण तो संपतच नाही. तिकडे मोटर चालू झाली की मला ठाऊक असायचं, टाकी भरेपर्यंतच बसायचंय. तेवढं माणूस कसंही बसतं. चार दिवस नुसत्या पाट्या टाकायच्या. पाचव्या दिवशी एकदम लागायचं. आणि लागलं की मोटर बंद करायचं भान राहायचं नाही."

म्हणजे ज्या दिवशी यांचं लिहिणं लागायचं, त्या दिवशी माझा पेपर भिजायचा. दोन वर्षं मी नेमका त्यांच्या चांगल्या दिवशीच वरून ओरडत होतो. हे कळल्यावर माझा चेहरा कसा झाला असेल ते मला सांगता येणार नाही. ही सांगते, पण तिला विचारू नका.

मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो म्हणाला, काढायचं कशाला, मोटर चालू करणारी तार तेवढी सोडवतो, बंद करणारी राहू दे. म्हणजे मोटर हाताने लावायची, टाकी भरली की ती आपली आपण थांबेल. मला ते फारच पसंत पडलं. लिहिणंही होईल आणि पेपरही कोरडा राहील. सभेला न विचारता मी परस्पर ते करून घेतलं. नियम मोडायची ती माझी पहिलीच खेप, आणि खरं सांगायचं तर मजा आली.

पहिल्याच सकाळी सात चाळीसला मोटर थांबली आणि टाकीकाका तणतणत बाहेर आले. मी खालीच उभा होतो. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हे कसलं यंत्र? ताई जिन्यात सहाव्या पायरीवर थांबली, माझ्याकडे वळून म्हणाली, आणि खट. आवाज गेला, माझं पुढचं गेलं."

"मग आता लिहा की पुढचं."

"आता कसलं? आता तिसऱ्या मजल्यावरचा नळ." आणि ते गेले.

झालं, ये रे माझ्या मागल्या, असं मला वाटलं. आणि मला भलताच त्रास सुरू झाला. ताई काय म्हणाली? जिना कुणाचा? दिवसभर मला चैन पडेना. हिने दोनदा विचारलं, काही हरवलंय का. दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच खाली उतरलो, तर टाकीकाका माझ्याआधी हजर. बादली उलटी, फळी मांडीवर, हात बटणावर. म्हणाले, "रात्रभर ताई पायरीवरच उभी होती, साहेब. तिला आधी वर नेतो."

तेव्हापासून गाडी रुळावर आली. वाक्य अर्धं तुटलं की पाय आपोआप दुसऱ्या दिवशी पंपाकडे वळतात, असा शोध त्यांना लागला. पुढे पुढे तर मोटर वेळेवर थांबली नाही की ते नाराज व्हायला लागले. शनिवारी चाराच्या जागी सहा पानं जाऊ लागली. आणि टपालात पडण्याआधी ती माझ्या हातात येऊ लागली, शुद्धलेखन बघायला म्हणून. शुद्धलेखन मी एकदाही बघितलं नाही.

जिना शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घराचा होता. टाकीकाकांचं नाव शाळेतून काढलं होतं आणि सतरा वर्षांची ताई त्यांचा हात धरून विनवायला निघाली होती. सहाव्या पायरीवर ती म्हणाली, "रडायचं नाही. तू रडलास तर मीही रडेन, मग बोलणार कोण?" वर जाऊन ती काय बोलली ते टाकीकाकांना आठवत नाही. ते तिच्या परकराचं टोक धरून उभे होते एवढंच आठवतं. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. एवढ्या सहा ओळी वाचून मी बाल्कनीत बसून रडलो. कोरड्या पेपरचा तेवढाच उपयोग झाला.

मागच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं पंपाच्या खोलीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी सहज गेलो होतो, पानं बघायला वगैरे नाही. तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, आज आई बरी आहे, बोलता का?" आणि फोनच्या काचेवर एक बारीक चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची बाई दिसली. टाकीकाका सावरून बसले.

"ताई, ओळखलंस का?"

ताईंनी नीट निरखून पाहिलं. मग अनोळखी पाहुण्याशी बोलावं तसं अदबीने म्हणाल्या, "नाही हो. तुम्ही कोण?"

पलीकडून भाची काही सांगायला लागली, पण ताईंना आज बोलायचं होतं.

"तुम्हाला सांगते," त्या म्हणाल्या, "एक गृहस्थ मला माझ्या धाकट्या भावाची हकिकत लिहून पाठवतात. फार छान लिहितात. अगदी तिथे असल्यासारखं. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"आहेत," टाकीकाका म्हणाले.

"मग माझा एक निरोप द्याल त्यांना? आता माझा भाऊ शाळेत जायला लागलाय. एवढुसा आहे, घाबरट आहे. त्याला तसाच मध्ये सोडू नका म्हणावं. तो मोठा झालेला मला बघायचाय."

"देतो निरोप," टाकीकाका म्हणाले. "आजच देतो."

फोन बंद झाला. टाकीकाकांनी बाहीने तोंड पुसलं, खिशातून पेन्सिल काढली, माझ्याकडे कागद मागितला आणि तिथेच पायरीवर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागले. दुपारचे तीन वाजले होते. मोटर बंद होती, टाकी सकाळीच भरलेली होती, आणि त्यांचं लक्ष कशाकडेच नव्हतं.